कोरड्या जिभेचा हिवाळा

१४ नोव्हेंबर, असोदा

लिहायला फार उशीर केला, माफ कर. तू लतासोबत धुळ्याला गेलीस त्याच दिवशी लिहिणार होतो. पण काय लिहायचं ते सुचेना. मग कपाशीची वेचणी आली, आणि आता हातच लिहिण्याजोगा राहिला नाही. पेन धरलं की ते आपोआप नाचतं. अक्षर वाकडं दिसेल, रागावू नकोस. मी सातवी शिकलेला माणूस. सहीशिवाय दुसरं काही लिहून कैक वर्षं झाली.

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून भेट आलेली. सुनेने कपाटातून काढून दिली. नूतन म्हणाली, “नाना, दिवसभर तोंडातल्या तोंडात काय बोलता, ते याच्यात लिहा.” वर्ष सरत आलं तरी वही कोरीच होती. जानेवारीच्या पानावर नोव्हेंबर लिहितो आहे.

तुझं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. 'लताची माय' म्हणत आलो. इथे कोणी ऐकत नाही, म्हणून एकदा लिहून पाहतो. प्रमिला.

बरं वाटलं.

आता खरं ते लिहितो. पाडव्याला तू मला ओवाळलंस, मग पाटावर बसवून वरणबट्टी वाढलीस. शेजारी जावई बसले होते. मी पहिला घास घेतला आणि तोंडात भिंतीचा पोपडा पडल्यासारखं झालं. मी म्हणालो, “तुझ्या हाताची चव गेली.” तू तूप वाढत होतीस ते वाढत राहिलीस. भाऊबीज झाली, लता निघाली, तेव्हा तुझी पिशवी तिच्या पिशवीच्या आधीच दारात होती.

मी खोटं बोललो असं मला अजून वाटत नाही. आता नूतनच्या हातालाही चव नाही. ती तुझ्याकडूनच शिकली ना.

१७ नोव्हेंबर

सकाळी उठलो तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली होती. बोटाने सोडवावी लागली. उशाशी तांब्या ठेवतो, तो रिकामा होतो, तरी तोंड भरउन्हातल्या वाटेसारखं. आणि अंगात उकाडा. कुंदन स्वेटर घालून दूध काढायला जातो, मी त्याचा बाप नुसत्या बंडीवर. छातीत कोणीतरी पाण्याचं इंजिन सुरू करून विसरून गेलं आहे.

मळ्याशेजारच्या अमृतला सांगितलं. तो म्हणाला, “उष्णता हाय तुले, दुसरं काही नाही.” त्याच्या सांगण्यावरून तळपायाला एरंडेल लावलं, सब्जा भिजवून प्यालो, टाळूवर कांदा ठेचून बांधला. कांदा बांधून ओट्यावर बसलो तर शेजारची कुत्री मला ओळखेना.

दुपारी केळीच्या बागेत जाऊन पडलो. तिथे गार असतं. ठिबकच्या नळीखाली हात ठेवला. एक थेंब, मग थोड्या वेळाने दुसरा. वर पानं एवढी दाट की ऊन हिरवं होऊन खाली येतं. डोळा लागला. स्वप्नात माझ्या तोंडात कपाशीचं बोंड उमललं. मी कापूस ओढून काढतो आहे आणि तो संपत नाही. सगळ्या शेतावर पसरला, पाटावर पसरला, रस्त्यावर गेला. लांब त्या पांढऱ्यात तू ओटी बांधून वेचत होतीस, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली. पण कापूस भरलेल्या तोंडातून हाक कशी निघणार? तू वेचत वेचत पुढे गेलीस.

जागा झालो तर हाताच्या ओंजळीत थोडं पाणी साचलं होतं. प्यालो.

२१ नोव्हेंबर

आज फोन लावला होता. तुला माहीतच आहे. पण तू ऐकलंस ते आणि मी बोललो ते वेगळं होतं, म्हणून लिहितो.

मनात होतं विचारावं, जेवलीस का, गुडघा कसा आहे. फोन वाजत होता तोवर दोनदा पाणी प्यालो. तू “हां, बोला” म्हणालीस आणि तोंड पुन्हा कोरडं ठाक. जीभ वळेना. जे पहिलं सुटलं ते बोललो, “भाजी काय केली?”  तू म्हणालीस, “केली आपली, बेचव.” आणि फोन लताला दिलास.

मी टोमणा मारला नव्हता. देवाशपथ.

नूतन जवळच गहू निवडत होती. म्हणाली, “नाना, तुम्ही गोधडी दसऱ्यापासून घेत नाही ना? आन् मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं?” मी म्हटलं, तुला काय माहीत मी गोधडी घेतो की नाही, मी तर मधल्या खोलीत निजतो. ती नुसती हसली. सून फार लक्ष ठेवते. सुपाच्या कडेला तिचा फोन पडलेला असतो, मधूनमधून उचलून बाहेर जाते. माहेरी बोलत असेल.

भूक मात्र राक्षसासारखी लागते. चार-चार भाकरी खातो, आणि धोतर कमरेवर ठरत नाही. खाल्लेलं कुठे जातं कळत नाही. अंग इतकं हलकं वाटतं की गच्चीवर वाऱ्यात उभा राहिलो तर असोद्यावरून तरंगत जाईन असं वाटतं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

आज अमृतच्या मळ्यात भरीत होतं. तू नसलेलं पहिलं.

पहाटे बागेवर धुकं होतं. हिरवी-पांढरी वांगी टोपल्यात बाळासारखी निजलेली. आपल्या घरात चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही, म्हणून त्यांच्याकडे पाहूनही काहीतरी होतं दरवर्षी. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या, वांगी टाकली. जाळापाशी मीच उभा राहतो हे सगळ्यांना माहीत. पण आज उभं राहवेना. घाम पाठीवरून वाहत होता, हातातला चिमटा वाजत होता. अमृत म्हणाला, “नाना, चिमट्यावर भजन म्हनू राह्यला काय?” सगळे हसले. मी वांगी लाकडी बडगीत टाकून मुसळाने ठेचली, पण मुसळ दोनदा बडगीच्या काठावर बसलं.

पुढचं तुझं काम असायचं. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी. ती नूतनने केली. मीठ टाकायच्या ऐन वेळी ती फोन कानाला लावून केळीच्या आड गेली. हल्लीच्या पोरींना धीर नाही. परत आली ती मुठीत मीठ घेऊन, मूठ अर्धवट मिटून, तू मिटतेस तशी. एकदा टाकलं, थांबली, आणखी चिमूट टाकली. खंडोबाचा नैवेद्य बाजूला काढला. नैवेद्य आधी कोणी चाखत नाही. तो निघाल्यावर रीतीप्रमाणे अमृतने पातेलं माझ्यापुढे केलं. “पाह्य नाना, मीठ झालं का.”

घेतलं बोटावर. काहीच नाही. ओली राख. मी म्हटलं, अळणी आहे. मूठभर टाकलं. पुन्हा घेतलं. पुन्हा टाकलं. नूतन म्हणाली, “नाना, राहू द्या ना.” मी तिच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. आवाज माझाच होता का, अशी शंका आली.

पंगत बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरीत, कांदा. दरवर्षी या पंगतीत एवढा गलका असतो की कावळे बसत नाहीत. आज कोणी बोलेना. पाण्याचे तांबे मात्र सारखे फिरत होते. मी मनात म्हटलं, थकले असतील.

२७ नोव्हेंबर

सकाळी अमृत आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, “भांडन तुह्या घरी, आन् मीठ आमच्या भरतात, हे कोन्ती रीत?”

मी म्हटलं, काय झालं?

“रातभर पानी पिऊ राह्यलो. बैलानं चाटलं असतं तं तोही परत फिरला असता.”

मी चिडलो. म्हटलं, अळणी होतं ते, तुमच्या जिभा बिघडल्या. तेव्हा नूतन आतून दोन वाट्या घेऊन आली. एकीत नैवेद्यातलं भरीत, दुसरीत पंगतीतलं. आमच्या मधे ठेवल्या. अमृतने पहिलीतलं खाल्लं, डोळे मिटले. “हे वहिनीच्या हातचं हाय.” दुसरीतलं बोटभर घेतलं आणि अंगणात जाऊन थुंकला.

मी दोन्ही खाल्ली. हळूहळू खाल्ली. दोन्हीत काही फरक नव्हता. इकडे राख, तिकडेही राख.

अमृत गेल्यावरही बराच वेळ त्या वाट्यांकडे पाहत बसलो. तू देवाचा नैवेद्य इतकी वर्षं न चाखता करतेस. चूल पेटवल्यापासून पान वाढेपर्यंत बोट तोंडाला लावत नाहीस, आणि मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. तो हात पाडव्याला एका दिवसात कसा बिघडेल? हे मला त्या दिवशी का सुचलं नाही, कोण जाणे.

३ डिसेंबर, जळगाव

नूतन दवाखान्यात घेऊन गेली. नंबर तिने आधीच लावून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी माझ्या गळ्यावर मागून बोटं ठेवली आणि पाण्याचा घोट गिळायला लावला. मग हात पुढे पसरायला सांगून त्यावर एक कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा सळसळला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वारा नव्हता.

“आबा, कधीपासून होतंय?”

मी म्हटलं, दिवाळीपासून. नूतन म्हणाली, “नाही मॅडम, पोळ्यापासून. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवताना नानांच्या हातून रंग बैलाच्या डोळ्यांत गेला होता, तेव्हापासून हात थरथरतो. दसऱ्यापासून गोधडी घेत नाहीत. चिडचिड गणपतीपासून. तोंड कोरडं पडतं ते जेवताना जास्त, पाण्याशिवाय घास उतरत नाही.” तिने सगळं घडाघडा सांगितलं. पोळ्याला ती तर बाळंत झालेल्या बहिणीकडे होती. कमाल आहे पोरीची. तू असतीस तर तुलाही एवढं सांगता आलं नसतं.

रक्त काढून घेतलं. परत येताना बसमध्ये पेंग आली. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे मागे जात होत्या, आणि प्रत्येक बागेच्या बांधावर तू उभी होतीस, डोक्यावर हंडा घेऊन. बस थांबत नव्हती.

६ डिसेंबर

थायरॉईड निघाला. मी म्हटलं, तो तर बायांना होतो. आणि माणूस त्याने फुगतो ना? आपल्या गल्लीतल्या बेबाबाईचं तसंच झालं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. “पुरुषांनाही होतो आबा. त्यांची गळ्यातली गाठ कमी काम करत होती, तुमची जास्त करते आहे.”

म्हणजे मोटार सुरूच राहिली आहे, विहीर आटेपर्यंत. एवढं मला कळलं.

“मरेन का मी?”

“गोळ्या घेतल्या तर नाही. चुकवू नका.”

एक गोळी गाठीची, एक थरथरीची आणि छातीच्या धडधडीची. कोरड्या तोंडाला सांगितलं ते असं: तांब्याभर पाणी एकदम ढोसू नका, घोट घोट घ्या. चहा कमी करा. तंबाखूची डबी इथेच टेबलावर ठेवा. भाकरी वरणात कुस्करून खा, बडीशेप चघळा. डबी ठेवली. मी डबीकडे शेवटचं पाहत होतो तेव्हा नूतनने तोंड फिरवलं, हसू दाबायला.

मग त्या म्हणाल्या, घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच यायचं. तेव्हापासून मी दर घटकेला घसा दुखतो का ते पाहतो आहे. आरशासमोर आ करून उभा होतो तर कुंदनने विचारलं, “नाना, काही हरवलं काय?”

मी दाराशी जाऊन परत आलो आणि विचारलं, “बाई, चव येईल का?”

“येईल. घाई करू नका.”

“घरात कोणावर तरी खोटा आळ घेतला आहे मी. म्हणून विचारतो.”

त्या लिहायचं थांबून माझ्याकडे पाहत राहिल्या.

१९ डिसेंबर

अक्षर बघ, सरळ येत आहे. छातीतलं इंजिन आता दूरच्या मळ्यात चालल्यासारखं ऐकू येतं. पण तोंड अजून तसंच. घोट घेतो, थांबतो, घोट घेतो. दिवसभर चिमणीसारखा.

तुला फोन करावा असं रोज ठरवतो. मग वाटतं, चव आली की करावा. चव न येताच 'तुझा हात चांगला आहे' म्हटलं तर ते उपकार केल्यासारखं वाटेल. आणि चव आलीच नाही तर? ही भीती सकाळी कमी असते, ऊन उतरायला लागलं की वाढते.

ओट्यावर ऊन खाताना सारखी पेंग येते. स्वप्न आणि ओटा यांच्यामधे आता दार राहिलं नाही. काल तू माजघरातून भांडं आपटल्याचा आवाज केलास. मी “काय पडलं गं?” असं विचारलं. नूतन बाहेर आली, माझ्याकडे पाहून परत आत गेली. तिचे डोळे भरले होते. कांदा चिरत असावी.

३० डिसेंबर

लहानशीच गोष्ट. सकाळी जाग आली तेव्हा उशी ओली होती. आधी घाबरलो. मग कळलं, तोंडातून लाळ गळली होती. लहान पोरासारखी. मी ती उशी उन्हात टाकली नाही. दुपारपर्यंत तशीच ठेवली.

१० जानेवारी

वहीवरचं साल संपून नवं लागलं. मी मात्र पुढच्या पानांवर लिहीत चाललो आहे. छापलेल्या तारखा काय म्हणतात ते बघत नाही.

एक चोरी झाली आहे. मळ्यातून काल वांगी तोडून आणली, पडवीत ठेवली. सकाळी पाहिलं तर वरची मोठी-मोठी गायब. कुंदनला विचारलं, तर तो म्हणाला, “उंदीर असेल.” एवढी मोठी वांगी नेणारा उंदीर? तो गाडीची किक मारून धुळ्याला सामान आणायला निघून गेला. रविवारच्या आत नक्की कोण नेतं ते पाहणार आहे.

१२ जानेवारी, जळगाव स्टँड

हे स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितो आहे. घरी जाईपर्यंत धीर नाही.

दुपारी कुंदन म्हणाला, “धुळ्याच्या गाडीत डबा येऊ राह्यला, नाना. तुम्हीच जा आनाले.” कोणाचा, ते सांगेना. मी आलो. गाडी लागली. कंडक्टर डबा दोन्ही हातांत धरूनच उतरला. धुळ्याकडचा पोरगा.

“आबा, असोदाना तुम्हीच ना? डबा तुमना शे. माय बोलनी, आडवा व्हवाले नको. मी मांडीवर धरीसन आना.”

“अजून काही म्हणाली?”

“हां. मीठ टाकेल नही, तुम्हीच टाकी ल्या, आसं बोलनी.” तो हसला. “भांडन व्हयेल शे का आबा?”

मी डबा घेऊन इथे बसलो. वरच्या कप्प्यात कळण्याची भाकरी, खालच्यात भरीत. आणि झाकणाला चिकटवलेली कागदाची पुडी. त्यात मीठ. दुसरा एक शब्द नाही.

खरं सांगतो, आधी राग आला. माझी लाज काढली असं वाटलं, तेही कंडक्टरच्या तोंडून. पुडी सोडून मीठ टाकायला हात उचलला. मग म्हटलं, आधी एक घास तसाच घेऊन बघू. मला काय, मीठ असलं काय नि नसलं काय.

घास तोंडात ठेवला. काही वेळ काहीच नव्हतं. मग कुठूनतरी लांबून धूर आला. कपाशीच्या काड्यांचा. गाडी सुटली होती, डिझेलचा वास सगळीकडे, तरी तो धूर त्यातून वेगळा आला. त्याच्या मागून मिरची आली, चोरपावलांनी. मग लसूण. जिभेच्या दोन्ही बाजूंनी पाणी सुटलं, एवढं की घास गिळावा लागला, पाण्याच्या घोटाशिवाय. मी डोळे मिटून बसलो होतो. स्टँड नव्हतं, माणसं नव्हती. तू चुलीपुढे बसली होतीस आणि पदर खोचलेला होता.

कोणीतरी विचारलं, “बाबा, बरं आहे ना?” मी मान हलवली. तोंडात घास होता.

अळणी भरीत इतकं चवीचं असतं हे मला माहीत नव्हतं. आणखी एक: धुळ्याच्या बाजारातही आपल्यासारखीच वांगी मिळतात वाटतं. हुबेहूब.

१३ जानेवारी, असोदा

डबा रिकामा परत पाठवू नये, म्हणून नूतनने त्यात कळण्याचं पीठ भरून दिलं आहे. त्यावर या वहीची पानं फाडून ठेवतो आहे, पहिल्यापासून आजपर्यंतची. लताला वाचायला लावू नकोस. तुला चौथीपर्यंतचं येतं, हळूहळू तूच वाच. थरथरीच्या दिवसांतलं अक्षर लागलं नाही तर ते सोडून दे. तिथे फक्त तहान लिहिली आहे.

पाडव्याला बोललो ते परत घेतो. जावयांसमोर बोललो होतो, तर जावयांसमोरच परत घेईन. म्हणशील तर धुळ्याला येऊन घेतो. गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. अजून अर्धीच चव येते, कधी येते कधी जाते. कालचं भरीत घरी आणल्यावर पुन्हा खाल्लं तर धूर तेवढा लागला नाही. तेव्हा मी बरा झालो असं समजून येऊ नकोस. तशीच ये.

मीठ मी घातलं नाही. पुडी फळीवर तुझ्या बरणीशेजारी ठेवली आहे, वर वाटी पालथी घातली आहे, हवा लागू नये म्हणून. ते तुझ्या हाताने पडेल तेव्हा पडेल.

उद्या संक्रांत. दारात बाया येतील, नूतन एकटी आहे. ती काही म्हणत नाही, पण फोन घेऊन सारखी अंगणात जाते, मला वाटतं माहेरची आठवण येते तिला. तूही एकदा तिला फोन करत जा. सुनेला फोन करायला कमीपणा कसला?

आणि मला फोन नको. तुझा आवाज ऐकला की तोंड पुन्हा कोरडं पडेल. कोणत्या गाडीने येतेस, तेवढं त्या कंडक्टरजवळ सांग. मी दुपारच्या गाडीला स्टँडवर येऊन बसणार आहे. उद्याही आणि परवाही. निरोप लवकर धाड, प्रमिला.